वापरलेल्या गाडीतला वास मुळापासून कसा काढावा

वापरलेली गाडी घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो, आरसीवरचे नाव तपासतो, आणि आत बसल्यावर येणाऱ्या वासाकडे मात्र ‘जुनी गाडी आहे, असायचेच’ म्हणून दुर्लक्ष करतो. पहिल्या पावसाळ्यात तोच वास असा वाढतो की काचा बंद करून दहा मिनिटे बसवत नाही. मग डॅशबोर्डवर अत्तराची बाटली येते, आरशाला सुगंधी कागद टांगला जातो, आणि आठवड्याभरात कुबट वास व मोगरा यांचे जे मिश्रण तयार होते ते मूळ वासाहूनही असह्य असते. प्रत्येक वासाला गाडीत एक ठावठिकाणा असतो आणि तो सापडेपर्यंत कोणताही उपाय टिकत नाही, हे मी स्वतःच्या गाडीवर तीन आठवडे घालवून शिकलो. त्यामुळे या लेखातील निम्मी मेहनत शोधण्याची आहे, धुण्याची नंतरची.

आधी नाकाने तपासणी

गाडी रात्रभर सर्व काचा लावून बंद ठेवावी. सकाळी दार उघडताक्षणी, बाहेरची हवा आत शिरण्यापूर्वी, वास घ्यावा. नाक दोन-तीन मिनिटांत वासाला सरावते, म्हणून पहिला श्वास महत्त्वाचा आहे. शक्य असल्यास घरातील दुसऱ्या कोणालाही हेच करायला सांगावे, कारण गाडीचा मालक काही दिवसांनी त्या वासाला पूर्ण सरावलेला असतो. हीच तपासणी दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीत पुन्हा करावी. कापडात आणि फोममध्ये मुरलेली द्रव्ये उष्णतेने हवेत येतात, म्हणून दुपारी वास तीव्र होत असेल तर तो सीट, कार्पेट किंवा छताच्या अस्तरात आहे असे समजावे. त्यानंतर एसी बंद ठेवून नुसता ब्लोअर चालवावा, मग एसी लावावा. ब्लोअर सुरू होताच वास अंगावर येत असेल तर त्याचे मूळ हवेच्या मार्गात, म्हणजे फिल्टर, कूलिंग कॉइल किंवा ब्लोअरच्या पंख्यात आहे.

वासाला नेमके नाव देता आले तर अर्धे काम होते. ओल्या गोणपाटासारखा कुबट वास म्हणजे पाणी आणि बुरशी. आंबूस, खवट वास म्हणजे सांडलेले दूध, ताक किंवा लहान मुलाची उलटी. हिवस वास म्हणजे मासळी. शिळ्या राखेसारखा, घशाशी येणारा वास म्हणजे विडी-सिगारेट. ब्लोअरबरोबर येणारा सडका वास बहुधा उंदराचा असतो.

काही वास मात्र साफसफाईने घालवायचे नसतात, ते धोक्याची सूचना असतात. आत पेट्रोलचा वास येत असेल, सीएनजीच्या गाडीत गॅसचा वास येत असेल, वायर जळल्यासारखे वाटत असेल किंवा सायलेन्सरचा धूर आत येत असेल, तर गाडी तशीच न चालवता आधी गॅरेजमध्ये दाखवावी. सीएनजी मुळात गंधहीन असतो. गळती कळावी यासाठीच त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला तर वासच नसतो, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. काकवीसारखा गोडसर वास, समोरच्या काचेवर आतून चिकट धुके आणि पायाखाली ओल या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर हीटरच्या जाळीतून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव्य, गळत आहे असे मानावे. हे द्रव्य विषारी असते, म्हणून लहान मुले व पाळीव प्राणी त्यापासून दूर ठेवावेत.

पाण्याचा मार्ग शोधणे

महाराष्ट्रात, विशेषतः कोकण, मुंबई आणि घाटमाथ्यावर, जुन्या गाड्यांतील बहुतेक वासांचे मूळ पाण्यात असते. कापड किंवा फेल्ट एक-दोन दिवस ओले राहिले की बुरशी धरू लागते, आणि आपल्याकडे तर चार महिने हवेतच ओल असते. त्यामुळे गाडीतले पाणी शोधणे हे सर्वांत मोठे काम आहे आणि त्यासाठी पुरेसा वेळ द्यावा.

सर्वप्रथम पायाखालची सुटी मॅट काढून कार्पेटवर तळहात जोराने दाबून धरावा. वरचे कापड कोरडे लागले तरी फसू नये. कार्पेटच्या खाली फेल्टचा किंवा फोमचा जाड थर असतो आणि तो स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी बहुतेक गाड्यांत क्लिपांवर बसवलेली असते. ती हलक्या हाताने वर ओढून काढली की कार्पेटची कड मोकळी होते आणि हात आत घालता येतो. आधीच्या मालकाने बाहेरून घेतलेले जाड चामड्यासारखे फ्लोअरिंग संपूर्ण तळाला बसवून घेतले असेल, तर ते उचलून पाहिल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. दिसायला ते स्वच्छ असते, पण खाली गेलेले पाणी त्यातून वर येऊ शकत नाही.

माझी गाडी आठ वर्षे जुनी होती आणि मी ती पुण्यात मे महिन्यात घेतली होती, म्हणजे सगळे कोरडे असताना. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वास सुरू झाला. सीट धुतल्या, एसीचा फिल्टर बदलला, तरी तो जाईना. शेवटी डावीकडच्या पुढच्या सीटसमोरचे कार्पेट उचलले, तर खालचा राखाडी फेल्ट काळपट पडला होता आणि मुठीत दाबताच दोन वाट्या तरी पाणी निघाले. बॉनेट उघडून वायपरखालची प्लॅस्टिकची जाळी काढल्यावर कारण समोर दिसले. आधीचा मालक गाडी गुलमोहराखाली लावत असे. गुलमोहराची पाने तांदळाच्या दाण्याएवढी बारीक, ती जाळीतून आत पडत राहिली होती आणि कुजून चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ झाला होता. त्या गाळाने पाणी बाहेर जाण्याचे भोक पूर्ण बुजले होते. पावसाचे पाणी तिथे साचून ब्लोअरच्या तोंडातून सरळ आत उतरत होते. मूठभर गाळ हाताने काढला आणि भोकातून पाणी खळखळत खाली गेले. तीन आठवड्यांचा वास त्या एका मुठीत होता.

म्हणून वायपरखालची ही जागा सर्वांत आधी तपासावी. त्यानंतर एसीचा ड्रेन पाइप पाहावा. दमट दिवशी एसी दहा-पंधरा मिनिटे चालवला की गाडीच्या खाली, पुढच्या भागात, पाणी ठिबकलेच पाहिजे. ते ठिबकत नसेल तर पाइप तुंबलेला आहे आणि कूलिंग कॉइलवर जमणारे पाणी बाहेर न जाता पायाशी कार्पेटमध्ये उतरत आहे. पाइपात खालून मऊ प्लॅस्टिकची नळी सरकवून तो मोकळा करता येतो. टोकदार तार आत खुपसू नये, कॉइलला इजा झाली तर खर्च मोठा होतो. तिसरी जागा दारांची. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती चिखलाने बुजली की दारात पाणी साचते आणि गाडी वळताना आत सळसळ ऐकू येते. याशिवाय दाराचे आणि डिकीचे रबर बीडिंग फाटले किंवा दबले आहे का, सनरूफ असल्यास तिच्या कोपऱ्यांतील नळ्या मोकळ्या आहेत का, हे पाहावे. स्टेपनी काढून तिच्या खळग्यातही पाहावे. मागच्या दिव्यांच्या रबरातून झिरपलेले पाणी तिथे महिनोन्महिने साचून राहते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

यापैकी काहीच सापडले नाही तर दोघांनी मिळून पाण्याची चाचणी करावी. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून साध्या पाइपाने, जोराचा फवारा न मारता, पाणी सोडावे. सुरुवात खालून करावी आणि एका भागावर पाच मिनिटे पाणी सोडल्यावरच वरच्या भागाकडे जावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि नेमके कुठून शिरले ते कळत नाही.

पुराची गाडी असेल तर

येथे खरेदीपूर्वीच्या सावधगिरीबद्दल लिहिणे भाग आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै 2021 मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेले, आणि अशा प्रत्येक पुरात असंख्य गाड्या बुडाल्या. विमा कंपनीने टोटल लॉस (दुरुस्ती परवडणार नाही अशा) ठरवलेल्या गाड्या लिलावात विकल्या जातात आणि त्यांतील काही दुरुस्त होऊन दुसऱ्या शहरातल्या बाजारात येतात. अशी गाडी ओळखण्यासाठी सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याचे शेवटचे टोक पाहावे, कारण तेवढा भाग सहसा कोणी धूत नाही आणि त्यावर गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजले आहेत का, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला वायरींवर वाळलेला चिखल आहे का, स्टेपनीखाली बारीक रेती आहे का, हेही पाहावे. आतून नवे कोरे कार्पेट आणि ताज्या अत्तराचा दरवळ असलेली स्वस्त गाडी अधिक बारकाईने तपासावी. पुराचे पाणी वायरिंगच्या जोडांत आणि एअरबॅगच्या यंत्रणेत गेलेले असू शकते, म्हणून अशी गाडी वास काढून वापरण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

वाळवणे

पाण्याचा मार्ग बंद झाल्यावर गाडी पूर्ण वाळवावी. येथे घाई केल्याने बहुतेकांची मेहनत वाया जाते. वर साबण, सोडा, अत्तर काहीही लावले तरी खालचा फेल्ट ओला असेल तर आठ दिवसांत वास परत येतो. ओल थोडीच असेल तर कार्पेटची कड उचलून खाली विटेचा तुकडा किंवा लाकडी ठोकळा सरकवावा, जेणेकरून दोन्ही बाजूंनी हवा खेळेल, आणि टेबलफॅन लावून गाडी दोन-तीन दिवस उन्हात काचा उघड्या ठेवून उभी करावी. ओल जास्त असेल तर सीट काढाव्या लागतात. पुढच्या सीटखाली एअरबॅगच्या आणि बेल्टच्या वायरींचे जोड असतात, ते बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. ते सोडवण्यापूर्वी इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि किमान दहा मिनिटे थांबावे, आणि जोड परत लावल्याशिवाय इग्निशन सुरू करू नये. याची सवय नसेल तर एवढे काम मेकॅनिककडून करून घेणे शहाणपणाचे आहे. फेल्ट काळा पडून चुरगळत असेल तर धुण्याच्या फंदात न पडता तेवढा भाग बदलावा.

पावसाळ्यात ऊन नसते तेव्हा एसीचाच उपयोग होतो. काचा बंद करून, एसी आणि हीटर दोन्ही चालू ठेवून अर्धा-पाऊण तास गाडी चालवली की एसी हवेतली ओल ओढून घेतो आणि उष्णतेने कापडातली ओल हवेत येते. बंद जागेत मात्र इंजिन चालू ठेवून बसू नये.

डागानुसार धुणे

धुण्यापूर्वी संपूर्ण गाडी व्हॅक्यूम करावी, सीटच्या फटी आणि रुळांखालची जागा विशेष लक्ष देऊन. त्यानंतर कोणत्या वासावर कोणते द्रव्य वापरायचे याचा थोडा विचार करावा. मासळीचा वास अमाइन नावाच्या अल्कधर्मी द्रव्यांमुळे येतो, म्हणूनच आपण मासळीला लिंबू किंवा कोकम लावतो आणि हिवस कमी होतो. गाडीतही तेच तत्त्व लागू पडते. मासळीच्या पेटीतले बर्फाचे पाणी डिकीत सांडले असेल तर एक भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दोन भाग पाणी घालून ते फडक्याने लावावे, दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याच्या फडक्याने टिपून घ्यावे आणि वाळवावे. आंबलेल्या दुधाचा वास याच्या उलट, ब्युटिरिक आम्लासारख्या आम्लांचा असतो, तिथे खाण्याचा सोडा उपयोगी पडतो. व्हिनेगर आणि सोडा एकत्र ओतून फेस काढण्याची पद्धत सर्वत्र दाखवली जाते, पण दोन्ही एकमेकांना निकामी करतात आणि हाती जवळजवळ खारे पाणीच उरते. त्यांचा वापर वेगवेगळाच करावा. ब्लीच गाडीच्या आत वापरू नये, कापडाचा रंग उडतो, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर मिसळले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

दूध किंवा उलटी सांडलेल्या जागी गरम पाणी घालू नये, कारण उष्णतेने प्रथिने घट्ट होऊन धाग्यांना चिकटतात. आधी गार पाण्याने टिपावे, मग पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी मिळणारे एन्झाइमयुक्त द्रावण डाग जितका खोल आहे तितके खोल जाईल असे लावून, वर प्लॅस्टिक झाकून काही तास ओले राहू द्यावे. एन्झाइमला काम करायला वेळ आणि ओल लागते, फवारून लगेच पुसले तर काहीच होत नाही. शेवटी कोरड्या जागेवर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी व्हॅक्यूम करावा.

सिगारेटच्या धुराचा थर फक्त कापडावर नसतो, तो काचांवर, प्लॅस्टिकवर आणि सर्वांत जास्त छताच्या अस्तरावर बसतो. पांढरे ओले फडके काचेवरून आतून फिरवून पाहावे, ते पिवळट-तपकिरी झाले तर गाडीत नियमित धूम्रपान होत होते हे नक्की. अशा गाडीत प्रत्येक कठीण पृष्ठभाग सौम्य साबणाच्या पाण्याने दोनदा पुसावा आणि सीट बेल्ट पूर्ण ओढून, परत आत जाऊ नये म्हणून चिमटा लावून, धुऊन वाळवावेत. छताचे अस्तर भिजवू नये, ते फोमवर गोंदाने चिकटवलेले असते आणि जास्त ओलीने लोंबू लागते. किंचित ओलसर मायक्रोफायबर फडक्याने, न घासता, हलके दाबत पुसावे. यानेही वास पूर्ण गेला नाही तर ओझोन यंत्राचा उपाय उरतो. चांगल्या क्लीनिंग सेंटरमध्ये ते असते. ओझोन फुफ्फुसांना घातक आहे, त्यामुळे यंत्र चालू असताना गाडीत कोणीही, प्राणीसुद्धा, नसावे आणि नंतर सर्व दारे उघडून गाडी काही तास हवेवर ठेवावी. घाण तशीच ठेवून ओझोन दिला तर पैसे वाया जातात, आणि वारंवार दिला तर रबर खराब होते.

उंदराच्या बाबतीत सावधगिरी अधिक हवी. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून हातमोजे आणि मास्क घालूनच हात घालावा. लेंड्या कोरड्याच झाडू नयेत किंवा व्हॅक्यूमने ओढू नयेत. जंतुनाशकाचे पाणी फवारून दहा मिनिटांनी टिश्यूने उचलून पिशवीत बांधावे. उंदराने वायरी कुरतडल्या आहेत का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

हवेचा मार्ग

बहुतेक गाड्यांत केबिन फिल्टर डॅशबोर्डच्या डावीकडच्या खणामागे असतो. खण रिकामा करून दोन्ही बाजूंच्या कडा आत दाबल्या की तो खाली उतरतो आणि मागे आडवे झाकण दिसते. काही जुन्या किंवा स्वस्त मॉडेलांत फिल्टर बसवलेलाच नसतो, नुसती जागा असते, तिथे तो काही शे रुपयांत बसवून घ्यावा. फिल्टरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो पाहूनच बसवावा. जुना फिल्टर झटकून परत लावण्यात अर्थ नाही. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, तो बदलावा.

एसी सुरू करताच पहिली दोन मिनिटे आंबूस वास येत असेल तर कूलिंग कॉइलवर बुरशी आणि जिवाणूंचा थर आहे. यासाठी मिळणारा फेसाचा क्लीनर, ब्लोअर बंद ठेवून, डब्यावरच्या सूचनेप्रमाणे नळीने कॉइलवर सोडावा. तो ब्लोअरच्या मोटरवर जाणार नाही याची काळजी घ्यावी. फेस विरघळून घाण ड्रेन पाइपातून खाली येते, म्हणून पाइप आधी मोकळा असणे आवश्यक आहे. नंतर काचा उघड्या ठेवून, एसी बंद ठेवून, ब्लोअर दहा मिनिटे पूर्ण वेगाने चालवावा.

यापुढे घरी पोहोचण्यापूर्वी चार-पाच मिनिटे एसीचे बटण बंद करून ब्लोअर तसाच चालू ठेवावा, म्हणजे कॉइल वाळते. ओला रेनकोट आणि छत्री प्लॅस्टिकच्या टबात ठेवावी. पायाखालच्या मॅटखाली वर्तमानपत्र अंथरून ते रोज बदलावे. सीटखाली कोळशाच्या पिशव्या ठेवल्या तर त्या महिन्यातून एकदा उन्हात वाळवाव्या लागतात, हे विसरू नये. एवढे सगळे झाल्यावर गाडी पुन्हा रात्रभर बंद ठेवावी आणि सकाळी दार उघडून पहिला श्वास घ्यावा. तेव्हाही थोडा कुबटपणा जाणवला तर तळहात पुन्हा कार्पेटवर दाबून, जिथे ओल लागेल तिथून काम सुरू करावे.